पोटमाळ्यावर कोण राहतं?

रिमेकबद्दलचं आपलं मत बहुधा चित्रपट सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. मूळ चित्रपट आवडता असेल, तर रिमेक हा गुन्हाच. मूळ पाहिलेलाच नसेल, तर तुलनेचा प्रश्न येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी शक्यता असते, तिच्याकडे मात्र आपण फारसं लक्ष देत नाही. रिमेक फसलेला असू शकतो, आणि तरीही मूळ चित्रपटाशी त्याने मांडलेलं भांडण ऐकण्यासारखं असू शकतं. २००६चा 'ब्लॅक ख्रिसमस' हा मला या तिसऱ्या वर्गातला वाटतो.

तो चांगला चित्रपट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातले दोष मोजायला हाताची बोटं पुरणार नाहीत, आणि ते पुढे येतीलच. पण तो झोडपला गेला त्यामागे एक तक्रार कायम होती, की मूळ चित्रपटाने जे मुद्दाम सांगितलं नव्हतं, ते याने सगळं सांगून टाकलं. तक्रार खरी आहे. प्रश्न एवढाच, की त्याने सांगितलं ते नेमकं काय? तिथवर जाण्यासाठी आधी मूळ चित्रपटाकडे जायला हवं.

मूळ 'ब्लॅक ख्रिसमस' १९७४चा, कॅनडातला. दिग्दर्शक बॉब क्लार्क, पटकथा रॉय मूरची, चित्रण टोरांटोमध्ये. याच क्लार्कने पुढे 'अ ख्रिसमस स्टोरी' (१९८३) केला, जो अमेरिकेत दर नाताळात टीव्हीवर लागतो आणि घरातली लहानथोर मंडळी मिळून पाहतात. म्हणजे नाताळाची गोड बाजू आणि कडू बाजू दाखवणारे दोन नावाजलेले चित्रपट एकाच माणसाच्या नावावर जमा आहेत.

कथा एका सोरॉरिटी हाऊसमध्ये घडते. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांमधली मुलींची एक संघटना. तिच्या सभासद मुली एका मोठ्या घरात एकत्र राहतात आणि एकमेकींना बहिणी म्हणवतात. नाताळची सुट्टी लागली आहे, मुली आपापल्या घरी जायच्या तयारीत आहेत, खाली पार्टी चालू आहे. आणि बाहेरून कोणीतरी भिंतीवरची वेलींची जाळी धरून वर चढतं आणि पोटमाळ्याच्या खिडकीतून आत शिरतं. हे सारं आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. कॅमेरामन बर्ट डंकने कॅमेरा अंगावर बांधून ही चढाई केली होती. स्टेडीकॅम येण्याआधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर घरात फोन यायला लागतात. एकाच माणसाच्या तोंडून अनेक आवाज, शिव्या, रडणं, किंचाळणं. त्यात दोन नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात, बिली आणि ॲग्नेस. ते कोण, त्यांचं काय झालं, हे शेवटपर्यंत कळत नाही. खुनी आपल्याला कधीच नीट दिसत नाही. दिसतो तो फक्त दाराच्या फटीतला एक डोळा.

सणाचा उपयोग या चित्रपटात फार हुशारीने केलेला आहे. पहिला बळी क्लेअर नावाची मुलगी. तिचं प्रेत डोक्याला प्लॅस्टिक गुंडाळलेल्या अवस्थेत, पोटमाळ्यावर खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीत बसवलेलं असतं, आणि तिला शोधायला म्हणून शेवटपर्यंत कोणी तिथे जात नाही. का जात नाही? कारण सुट्टी आहे. सुट्टीत माणसं दिसेनाशी होणं साहजिकच असतं. प्रत्येकाला वाटतं की ती दुसऱ्या कुणाकडे असेल. तिचे वडील ठरल्या वेळी तिला न्यायला येतात आणि थंडीत ताटकळत उभे राहतात. पुढे दारात मुलं नाताळची गाणी म्हणत असतात, आणि त्या आवाजाखाली आत एक खून होतो, काचेच्या युनिकॉर्नने. सणाचा गलबला इतका असतो की किंकाळी ऐकू येत नाही.

दुसरा धागा जेसचा. ऑलिव्हिया हसीने केलेली ही नायिका गरोदर आहे आणि तिला गर्भपात करून घ्यायचा आहे. तिचा मित्र पीटर याला ते अजिबात मान्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्याचा निकाल दिला तो जानेवारी १९७३मध्ये, म्हणजे हा विषय तेव्हा ताजा होता. जेस आपला निर्णय शांतपणे सांगते आणि त्यावर ठाम राहते. भयपटातल्या नायिकेला इतकं स्वतःचं मत असणं तेव्हा नवलाचं होतं. पीटरचा राग वाढत जातो, तसा आपला आणि पोलिसांचाही संशय त्याच्यावर जातो.

आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. फोन कुठून येतो हे शोधण्यासाठी टेलिफोन खात्याचा माणूस एक्स्चेंजमध्ये खडखडणाऱ्या स्विचांच्या रांगांमधून धावत सुटतो. आताच्या पिढीला हे गमतीचं वाटेल, पण एक कॉल म्हणजे लोखंडाच्या कपाटांमधून जाणारी खरीखुरी वाट असते, आणि ती पायी चालत शोधावी लागते, हे त्या दृश्यात कळतं. शोध लागतो तो असा, की फोन घरातूनच येत आहेत. मुलं सांभाळायला बसलेली मुलगी आणि वरच्या मजल्यावरून फोन करणारा माणूस, ही अमेरिकेत तोंडोतोंडी चालत आलेली दंतकथा. क्लार्कने ती पडद्यावर आणली. 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स'ने तिचा वापर केला तो पाच वर्षांनी, १९७९मध्ये.

शेवटी जेस पीटरला मारते, पोलीस सुटकेचा निःश्वास टाकतात, औषध देऊन झोपवलेल्या जेसला घरात ठेवून मंडळी पांगतात. पोटमाळा तपासलाच जात नाही. फोन वाजत राहतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून वाढलेल्या वाचकाला या शेवटाचं महत्त्व समजावून सांगायला नको. शेवटचं दार किलकिलं ठेवायचं असतं.

या चित्रपटाने पुढच्या स्लॅशरपटांचा पाया घातला असं आज सगळे मानतात. यासंबंधी क्लार्क स्वतः एक आठवण सांगत असे. जॉन कारपेंटरने त्याला विचारलं होतं की याचा पुढचा भाग केलास तर काय करशील? क्लार्कने सांगितलं, खुनी पकडला गेलेला असेल, मनोरुग्णालयातून पळेल, पुन्हा त्याच घराकडे येईल, आणि चित्रपटाचं नाव असेल 'हॅलोवीन'. कारपेंटरचा 'हॅलोवीन' १९७८मध्ये आला. त्याने आपली कल्पना चोरली असं मात्र क्लार्कने कधी म्हटलं नाही, उलट ते श्रेय कारपेंटरचंच आहे असं तो म्हणत राहिला. ही आठवण लक्षात ठेवू या. रिमेकशी तिचा संबंध आहे.

आता थोडं सणाविषयी. २००६चा चित्रपट अमेरिकेत थेट २५ डिसेंबरला प्रदर्शित झाला आणि काही ख्रिस्ती संघटनांनी त्याचा निषेध केला. पवित्र दिवशी असलं काही दाखवणं म्हणजे सणाचा अपमान, असा सूर होता. हा सूर नवा नव्हता. १९८४मध्ये 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'मध्ये सांताक्लॉजच्या वेषातला खुनी दाखवला, तेव्हा पालक थिएटरांबाहेर उभे राहिले होते, आणि जीन सिस्कल या समीक्षकाने टीव्हीवर चित्रपटाच्या कर्त्यांची नावं वाचून दाखवून त्यांची शोभा केली होती. पण नाताळ आणि भय यांचं नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. डिकन्सचा 'अ ख्रिसमस कॅरोल' (१८४३) ही भुतांचीच गोष्ट. केंब्रिजचे प्राध्यापक एम. आर. जेम्स नाताळच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवत. उत्तरेकडची ती वर्षातली सर्वांत अंधारी वेळ. माणसं शेकोटीभोवती एकत्र येतात ती थोडीफार बाहेरच्या अंधाराला भिऊनच. तेव्हा भयपटाने सण बाटवला हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. हा, भयपटाने सणाचं केलं काय, हे मात्र विचारायलाच हवं.

रिमेक ज्या काळात आला, तो काळही पाहू. २००३मध्ये 'द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर'च्या रिमेकने भरपूर पैसा मिळवला आणि हॉलिवूडने सत्तरीतल्या भयपटांची जणू यादीच हाती घेतली. 'द ॲमिटीव्हिल हॉरर' आणि 'द फॉग' २००५मध्ये, 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स', 'द हिल्स हॅव आइज' आणि 'द ओमेन' २००६मध्ये. याच सुमाराला आणखी एक खूळ आलं, खलनायकाचं बालपण दाखवण्याचं. ऑक्टोबर २००६मध्ये लेदरफेसचा जन्म दाखवणारा 'द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर : द बिगिनिंग', फेब्रुवारी २००७मध्ये हॅनिबल लेक्टरच्या तरुणपणाचा 'हॅनिबल रायझिंग', ऑगस्ट २००७मध्ये मायकेल मायर्सच्या घरची दुर्दशा दाखवणारा रॉब झॉम्बीचा 'हॅलोवीन'. दुष्टपणा हा आभाळातून पडत नाही, त्याला कारण असतं, आणि ते कारण लहानपणी सापडतं, अशी ही समजूत. (आपल्याकडच्या प्रेक्षकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये, १९८४मध्ये, सामरीचा पूर्वेतिहास आधी सांगून मगच आजची गोष्ट सुरू होते. आपलं भूत नेहमीच स्वतःची जन्मकथा घेऊन येतं.)

'ब्लॅक ख्रिसमस'चा रिमेक याच रांगेतला. लेखक-दिग्दर्शक ग्लेन मॉर्गन. त्याने आणि जेम्स वाँगने मिळून 'द एक्स फाइल्स'चे अनेक भाग लिहिले होते, 'फायनल डेस्टिनेशन' (२०००) त्यांच्याच हातचा. मूळ दिग्दर्शक बॉब क्लार्क या रिमेकचा कार्यकारी निर्माता होता. मूळ चित्रपटात फिल ही मुलगी झालेली आंद्रेया मार्टिन इथे मुलींची देखभाल करणाऱ्या बाईंच्या, मिस मॅकच्या भूमिकेत आहे. संगीत शर्ली वॉकरचं. चित्रपट लागण्याच्या महिनाभर आधी, ३० नोव्हेंबर २००६ला ती गेली. म्हणजे ही काही कुणीतरी उपटसुंभांनी केलेली उचलेगिरी नव्हती. मूळ चित्रपट मनापासून जाणणारी माणसं तिच्यात होती.

मॉर्गनने केलं काय, तर फोनवर नुसती ऐकू येणारी ती दोन नावं घेतली आणि त्यांच्याभोवती संपूर्ण कुटुंब उभं केलं. बिली लेन्झ हा जन्मतःच यकृताच्या आजारामुळे पिवळ्या कातडीचा मुलगा. आईला तो नकोसा. एका नाताळच्या रात्री आई आणि तिचा प्रियकर मिळून बिलीच्या वडिलांना मारतात, बिली ते पाहतो, आणि आई त्याला पोटमाळ्यावर कोंडून टाकते. वर्षानुवर्षं. पुढे तीच आई त्याच्यावर अत्याचार करते आणि त्यातून ॲग्नेस जन्मते, त्याची बहीणही आणि मुलगीही. ॲग्नेसला खाली लाड मिळतात, बिली वरून फटीतून पाहत राहतो. १९९१च्या नाताळात तो खाली उतरतो, ॲग्नेसचा एक डोळा काढतो, आईला आणि तिच्या नवऱ्याला मारतो. पोलीस येतात तेव्हा तो टेबलाशी बसून, बिस्किटं कापायच्या साच्याने कापलेलं आईचं मांस खात असतो. आजच्या काळात तो मनोरुग्णालयातून पळतो आणि घरी येतो. ते घर आता सोरॉरिटीचं झालेलं आहे.

क्लार्कची ती आठवण इथे पूर्ण वर्तुळ घेते. मनोरुग्णालयातून पळालेला खुनी सणाच्या रात्री आपल्या घराकडे येतो, हे 'हॅलोवीन'वरून फिरून पुन्हा 'ब्लॅक ख्रिसमस'कडेच आलं. आणि बिलीची जडणघडण पाहिली, तर त्याचा खरा भाऊ १९७४चा बिली नाहीच. तो आहे 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'चा नायक, लहानपणी सांताच्या वेषातल्या माणसाने आईबाप मारलेले पाहणारा मुलगा. त्याचंही नाव बिलीच.

वरवर पाहता हे सगळं सवंग आहे. पण यातून एक बदल घडतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. १९७४च्या चित्रपटात संकट बाहेरून आत येतं. पहिल्याच दृश्यात कॅमेरा भिंत चढतो. तो माणूस कोणीही असू शकतो, आणि हे घर कोणतंही असू शकतं. २००६मध्ये संकट बाहेरून येतच नाही. ते याच घरात जन्मलं, याच पोटमाळ्यावर वाढलं. बिली हा घुसखोर नव्हे, मूळचा रहिवासी आहे. मुली भाडेकरू आहेत. 'फोन घरातूनच येत आहेत' या दंतकथेतल्या वाक्याचा अर्थ मूळ चित्रपटात भूगोलापुरता होता. रिमेकने तो शब्दशः घेतला. भय घरातून येतंय, कारण ते घराने तयार केलंय.

एकदा हे ध्यानात आलं की चित्रपटातल्या बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात. इथे सण नुसता पार्श्वभूमीला नाही, तोच कच्चा माल आहे. कँडी केन, म्हणजे ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठीसारखी साखरेची गोळी, चाखून चाखून टोकदार केली जाते आणि हत्यार बनते. छपराखाली लोंबणारा बर्फाचा सुळका, झाडावर लावायचे दिवे, बिस्किटांचा साचा, भेटवस्तूचं खोकं, शेवटी खुद्द ख्रिसमस ट्रीचं टोक. कुटुंबाच्या प्रेमाची म्हणून जी जी चिन्हं आपण मांडतो, ती सगळी इथे उलटी फिरतात. मूळ चित्रपटातला तो एक डोळाही इथे पिसाटासारखा वाढतो. डोळे काढले जातात, खाल्ले जातात, झाडाला टांगले जातात. हे किळसवाणं आहेच, पण जो मुलगा आयुष्यभर फटीतून दुसऱ्यांचा सण पाहत राहिला, त्याच्या सूडाचा विषय डोळे असावा यात तर्क आहे.

दुसरी गोष्ट बहिणींची. मूळ चित्रपटात क्लेअरला शोधायला वडील येतात. इथे पहिला बळी ठरणाऱ्या क्लेअरला शोधायला तिची सावत्र बहीण ली येते. दोघींचं आत्ता कुठे जुळू लागलेलं असतं, आणि मारली जाते तेव्हा क्लेअर या बहिणीसाठीच नाताळचं कार्ड लिहीत असते. घरात आहेत त्या सुट्टी लागूनही स्वतःच्या घरी न गेलेल्या मुली, एकमेकींना नावापुरत्या बहिणी म्हणणाऱ्या. वर पोटमाळ्यावर बिली आणि ॲग्नेस, रक्ताचं नातं जास्तच झालेले. खाली बनवलेलं कुटुंब, वर बिघडलेलं कुटुंब, आणि मध्ये एक पातळ तक्तपोशी. मुलींमध्ये एक प्रथाही आहे, दर वर्षी झाडाखाली एक भेट बिलीच्या नावाने ठेवायची. त्यांच्यासाठी ती थट्टा असते. पण ज्या घरात राहतो, तिथे पूर्वी काय घडलं हे माहीत असूनही त्याचा खेळ करून टाकायचा, हे आपण सगळेच करत असतो.

या विषयाचं मॉर्गनला वेड होतं, हे त्याच्या आधीच्या कामावरून दिसतं. 'द एक्स फाइल्स'चा 'होम' हा भाग त्याने आणि वाँगने लिहिला, ११ ऑक्टोबर १९९६ला तो दाखवला गेला. एका एकाकी शेतघरात पिढ्यानपिढ्या आपसातच वंश वाढवणारं कुटुंब, आणि पलंगाखाली ठेवलेली हातपाय नसलेली आई. तो भाग इतका भयंकर ठरला की फॉक्स वाहिनीने वर्षानुवर्षं तो पुन्हा दाखवला नाही. ती आई साकारली होती कॅरिन कोनोव्हल या अभिनेत्रीने. दहा वर्षांनी 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये बिलीची आई झाली आहे ती हीच. हा योगायोग नक्कीच नाही. शीर्षक पाहा, 'होम'. मॉर्गनला सांगायचं होतं ते दोन्हीकडे एकच. अमेरिकन माणूस ज्या घर-कुटुंबाची आरती ओवाळतो, त्याचा दरवाजा बंद झाल्यावर आत काय चालतं हे कुणी विचारत नाही. आणि वर्षातून एक दिवस असा असतो, की त्या दिवशी विचारणं हाच असभ्यपणा ठरतो.

मग चित्रपट फसला का? फसलाच. पहिलं कारण, मुली. मूळ चित्रपटातल्या जेस, बार्ब, फिल या तीन वेगळ्या मुली होत्या, मार्गो किडरची दारुडी, तोंडाळ बार्ब तर विसरता येत नाही. रिमेकमध्ये केटी कॅसिडी, मिशेल ट्रॅक्टनबर्ग, मेरी एलिझाबेथ विन्स्टेड, लेसी शाबेर अशा चांगल्या अभिनेत्री आहेत, पण पटकथेने सगळा जीव बिलीच्या घराण्यावर खर्च केल्यामुळे त्यांना माणूस व्हायला वेळच मिळत नाही. त्या मरतात तेव्हा आपण फक्त मोजतो. जेसच्या गर्भपाताच्या निर्णयाच्या जागी इथे आहे तो एका मित्राने लपूनछपून केलेल्या चित्रफितीचा उपकथानकी मसाला. तो काळाला धरून आहे, पण वजनाला हलका.

दुसरं, पिवळी कातडी. मुलगा आईला नकोसा होण्यासाठी काही कारण हवं म्हणून आजार दिला, हे एक वेळ ठीक. पण मोठा झालेला बिली त्या रंगामुळे कार्टूनसारखा दिसतो, आणि आजारी किंवा व्यंग असलेलं शरीर म्हणजे दुष्टपणा, ही भयपटांची जुनी वाईट खोड पुन्हा डोकं वर काढते. आईच्या अत्याचाराचंही तेच. एवढी भीषण गोष्ट दाखवून चित्रपट तिथे थांबत नाही, धक्का देऊन पुढे पळतो.

तिसरं, स्टुडिओ. निर्मिती डायमेन्शन फिल्म्सची, आणि दिग्दर्शक व निर्माते यांच्यातली ओढाताण पडद्यावर दिसते. ट्रेलरमध्ये अशी दृश्यं होती, जी केवळ ट्रेलरसाठीच वेगळी चित्रित केलेली होती, ती चित्रपटात कुठेच नाहीत. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या प्रतींचे शेवट वेगळे. घर जळल्यावर गोष्ट संपते, पण चित्रपट पुढे इस्पितळात जातो, आणखी थोडं रक्त सांडायला. मूळ चित्रपटाचा प्राण त्याच्या शांततेत होता. इथे शांततेला जागाच ठेवलेली नाही. काळ्या विनोदाकडे झुकायचं की निखळ भयाकडे, याचा निर्णय झालेला नाही. सुमारे ९० लाख डॉलर्समध्ये झालेल्या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख मिळवले. अगदीच आपटला नाही, पण कुणाच्या आवडीचाही झाला नाही. मॉर्गनने त्यानंतर मोठ्या पडद्यासाठी चित्रपट दिग्दर्शित केला नाही, तो टीव्हीकडे परतला. आणि बॉब क्लार्क, हा रिमेक लागल्यानंतर चार महिन्यांच्या आत, ४ एप्रिल २००७ला एका दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीने दिलेल्या धडकेत मुलासह गेला.

पुढे १३ डिसेंबर २०१९ला आणखी एक 'ब्लॅक ख्रिसमस' आला, सोफिया टकालने दिग्दर्शित केलेला. त्यात बिलीही नाही आणि ॲग्नेसही नाही. तिथे दुष्टपणा आहे तो कॉलेजमधल्या मुलांच्या संघटनेत, तिच्या संस्थापकाच्या पुतळ्यात, आणि तिला पाठीशी घालणाऱ्या प्राध्यापकात. तोही पुष्कळांना आवडला नाही. उपदेश फार, भीती कमी, असं त्याचं झालं. पण तिन्ही चित्रपट एका ओळीत ठेवले की एक छोटासा इतिहास दिसतो. १९७४ म्हणतो, भय बाहेरून येतं आणि ते कुठून आलं हे कधीच कळत नाही. २००६ म्हणतो, भय घरात तयार होतं. २०१९ म्हणतो, भय संस्थेत तयार होतं आणि वारशाने पुढे जातं. पैकी पहिला चित्रपट म्हणून सर्वांत मोठा, यात वाद नाही. (खरं तर पीटरच्या रूपाने घरातल्या माणसाची भीतीही त्याने सुचवली होती, पण खुनी तो नव्हता.) मधल्याने मात्र जे सांगितलं, ते पहिल्याने सांगितलं नव्हतं, आणि तिसऱ्याला ते सोडून पुढे जावं लागलं.

अज्ञात हे ज्ञातापेक्षा जास्त भयानक असतं, हा भयकथेचा पहिला धडा, आणि तो खोटा नाही. पण तो निवडीचा धडा आहे, नियम नव्हे. कारण अज्ञाताची एक सोयही असते. पोटमाळ्यावरचा माणूस कुठून आला हे माहीत नसेल, तर आपल्याला फक्त खिडक्यांना कड्या लावायच्या असतात. तो तिथेच जन्मला होता, खाली सण चालू असताना वर कोंडलेला होता, हे कळल्यावर कड्यांचा काही उपयोग राहत नाही. मॉर्गनला हे नीट सांगता आलं नाही. रक्ताचे पाट, साखरेच्या काठ्या आणि स्टुडिओच्या सूचना यांच्या गर्दीत ते हरवलं. पण चित्रपट पुन्हा पाहायला घेतलात, तर खून होतात त्या जागांकडे नका पाहू. पूर्वेतिहासातलं एक दृश्य पाहा, खाली झाडाजवळ भेटवस्तू उघडणारी लहान मुलगी, आणि वर फळ्यांच्या फटीतून पाहणारा तो मुलगा. त्या वेळी त्याने अजून कुणालाही मारलेलं नसतं. चित्रपटातली खरी भीती तिथे आहे.